दिवसा करंट: कार्बन न्यूट्रल म्हणजे आपल्या शिवारात नेमकं काय बदलणार?

माझ्या मामांचं शेत बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला. तीन एकर ऊस, बाकी भात. पंपसेटला थ्री फेज करंट मिळतो सात तास, तोही पाळीनं. एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्या आठवड्यात रात्री. रात्रपाळी असली की मामा साडेअकराला जेवणानंतरची डुलकी मोडून उठतात, बॅटरी आणि काठी घेतात आणि मोटर चालू करायला निघतात. वाटेत गवा उभा असतो, कधी अस्वलाचा माग दिसतो, पावसाळा संपता संपता सापांची भीती वेगळीच. मामी तोवर दारात बसून असतात. "करंट आला काय?" हा आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न असावा.

म्हणून "कार्बन न्यूट्रल", "नेट झीरो", "हरित ऊर्जा" हे शब्द कानावर आले की मी ते मामांच्या मोटरीपाशी नेऊन बघतो. हा विषय फक्त धुराचा आणि हवेचा नाही. करंट कुठल्या वेळेला येतो आणि ती वेळ कोण ठरवतं, हाही त्यातलाच भाग आहे.

आधी साधा हिशेब. पाच एचपीची मोटर तासाला ढोबळमानाने चार युनिट घेते. सात तासांचे झाले अठ्ठावीस युनिट. आपल्या देशाच्या ग्रिडवरचं, म्हणजे विजेच्या सामायिक जाळ्यावरचं, एक युनिट तयार होताना सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका मोटरीची एक पाळी धरली की जवळजवळ वीस किलो. मोटरीपाशी तर धूर दिसत नाही, मग हा वायू निघतो कुठून? बराचसा निघतो कोळशाच्या केंद्रांतून. आपल्या शेजारच्या विजापूर जिल्ह्यात कुडगीला एनटीपीसी या केंद्र सरकारच्या वीज कंपनीचं २,४०० मेगावॅटचं केंद्र आहे. रायचूरजवळ शक्तीनगर, बळ्ळारीकडे कुडतिनी ही आणखी दोन मोठी नावं. कर्नाटकात कोळशाची खाण नाही. सगळा कोळसा राज्याबाहेरून येतो, इथे जळतो, आणि तारांवरून आपल्यापर्यंत पोचते ती फक्त वीज. राख आणि धूर त्या केंद्रांच्या आसपासची गावं सोसतात. आपल्या अंगणात काळं काही दिसत नाही, तेवढ्यानं आपली वीज स्वच्छ ठरत नाही.

आता "कार्बन न्यूट्रल" म्हणजे काय? यासाठी आपल्या भागातल्या माणसाला लांब जायची गरज नाही. गुऱ्हाळ आठवा. रस काढून उरलेली चिपाडं वाळवायची आणि तीच चुलवाणात घालायची. त्या जाळातून निघणारा कार्बन आला कुठून? ऊस वाढताना त्यानं तो हवेतूनच घेतला होता. यंदा जो हवेत गेला, तो पुढच्या वर्षीच्या उसानं परत ओढून घेतला. जमा आणि खर्च जुळले. कोळशाचं तसं नाही. तो कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पुरून होता. तो वर काढून जाळला की हवेच्या खात्यात नवीन भर पडते, आणि ती फेडणारं पीक कुठल्याच शिवारात नसतं. औद्योगिक क्रांतीच्या आधी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आज ते ४२० च्या वर गेले आहेत. न्यूट्रल होणं म्हणजे जितका कार्बन सोडला तितकाच झाडं, माती किंवा यंत्रं यांच्याकरवी परत घेतला जाणं. भारतानं ही जुळवाजुळव २०७० पर्यंत करू असं २०२१ मध्ये ग्लासगोच्या जागतिक परिषदेत जाहीर केलं.

गुऱ्हाळाचं हेच गणित आपल्या साखर कारखान्यांत मोठ्या आकारात चालतं. बेळगाव जिल्ह्यात चिक्कोडी, अथणी, गोकाक, सौंदत्ती, निपाणी असे कुठेही गेलात तरी धुराडं दिसतं. एक टन उसामागे पाव टनाहून जास्त चिपाड, म्हणजे बगॅस, निघतं. ते बॉयलरमध्ये जाळून कारखाना स्वतःची गरज भागवतो आणि उरलेली वीज ग्रिडला विकतो. ही वीज अक्षय ऊर्जेत मोजली जाते. पण मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. उसाला घातलेला युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो. शेतात पडल्यावर त्यातला काही नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, आणि हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा अडीचशेपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो. ऊस वाहणारा ट्रॅक्टर डिझेल पितो. पाणी उपसणारी मोटर कोळशावर चालते. त्यामुळे चिपाडाची वीज "पूर्ण स्वच्छ" असं कुणी म्हटलं तर मागची बाजूही विचारावी. पाचट न जाळता सरीत आच्छादन म्हणून ठेवणारा शेतकरी या हिशेबात बरंच काही वाचवतो आणि त्याचं कौतुक कुणी फारसं करत नाही.

वीज या गोष्टीशी आपल्या जिल्ह्याचं नातं जुनं आहे. घटप्रभेच्या गोकाक धबधब्यावर १८८७ साली पाण्याच्या जोरावर वीज तयार झाली. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या जलविजेत तिची गणना होते. म्हणजे कोळशाशिवाय वीज करणं हे आपल्याकडे बाहेरून आलेलं नवं खूळ नाही.

मग एवढी वर्षं कोळसाच का वाढला? कारण तो पाहिजे तेव्हा पेटवता येतो, आणि त्याच्या धुराची किंमत बिलात धरली जात नाही. नुकसान सगळ्यांचं आणि बचत एकाची, अशी रचना असली की कुणी आपणहून बदलत नाही. इथे कायदा लागतो.

२००३ च्या वीज कायद्यानं प्रत्येक राज्याच्या वीज नियामक आयोगावर एक जबाबदारी टाकली: वीज वितरण कंपन्यांना एकूण विजेतला ठरावीक वाटा अक्षय स्रोतांतून घ्यायला लावायचा. आपल्याकडे ही कंपनी म्हणजे हेस्कॉम, हुबळीची, आणि आयोग म्हणजे बेंगळूरुचा कर्नाटक वीज नियामक आयोग. सुरुवातीला हा वाटा अगदी लहान होता. पुढे २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि केंद्रानं देशभरासाठी पायऱ्या ठरवून दिल्या. २०२४-२५ साली २९.९१ टक्के, आणि दर वर्षी चढत २०२९-३० ला ४३.३३ टक्के. वाटा चुकला तर दंड. या आकड्यांच्या पोटात आणखी एक छोटा आकडा आहे, आणि आपल्यासाठी तोच मोलाचा. छपरावरच्या किंवा गावाजवळच्या लहान प्रकल्पांतून आलेल्या विजेचा वेगळा वाटा धरलेला आहे, आणि तोही २०२९-३० पर्यंत ४.५ टक्क्यांवर न्यायचा आहे. म्हणजे सगळी पॅनल राजस्थानच्या वाळवंटात बसवून हिशेब पुरा करता येणार नाही.

सक्तीमुळे काय होतं ते सौरविजेच्या दरानं दाखवलं. वाटा घ्यावाच लागणार म्हटल्यावर गिऱ्हाईक पक्कं झालं. गिऱ्हाईक पक्कं झाल्यावर कर्ज स्वस्त मिळालं, कारखाने मोठे झाले, पॅनल स्वस्त झाली. २०१७ साली राजस्थानात भडलाच्या लिलावात सौरविजेचा दर युनिटला २ रुपये ४४ पैशांवर उतरला. आपल्याच राज्यात तुमकूर जिल्ह्यातल्या पावगडला २,०५० मेगावॅटचा सौर पार्क उभा राहिला. तिथे सुमारे १३ हजार एकर जमीन शेतकऱ्यांकडून विकत न घेता भाड्यानं घेतली. त्या दुष्काळी रानात शेतकऱ्याचं नाव सातबाऱ्याच्या जागी असलेल्या कागदावर, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत उताऱ्यावर, कायम राहिलं. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. धरणांच्या वेळी असं झालं नव्हतं.

आता गाठ येते वेळेची. ऊन दुपारी असतं आणि घराघरांत दिवे, मिक्सर, टीव्ही, गिझर लागतात सकाळ-संध्याकाळ. दुपारी बारा ते तीन विजेची चंगळ, आणि सात वाजता टंचाई. सौंदत्तीच्या माळावर किंवा गदगच्या कप्पतगुड्डावर फिरणाऱ्या पवनचक्क्या सगळ्यात जोरात चालतात त्या मृगापासून भाद्रपदापर्यंत, जेव्हा ऊन कमी असतं. चिपाडाची वीज येते गळीत हंगामात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढचे चार-पाच महिने. पाण्याची वीज धरण भरलं तर. जरा शांतपणे बघितलं तर या चारही गोष्टी एकमेकींच्या पाळ्या भरून काढतात. पण एखाद्या वर्षी गणित फसतं. २०२३ मध्ये पाऊस हुकला. जलविद्युत धरणं भरली नाहीत, उलट पिकं वाचवायला मोटरी जास्त चालल्या. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारला वीज कायद्याचं कलम ११ वापरून राज्यातल्या वीज उत्पादकांना, साखर कारखान्यांनाही, सगळी वीज राज्यालाच द्या असा आदेश काढावा लागला. शेतीचा करंट काही दिवस सातावरून पाच तासांवर आला. उभा ऊस वाळताना बघणाऱ्याला त्या दोन तासांची किंमत सांगायला नको.

दुपारची वीज संध्याकाळसाठी ठेवायची कशी, याचं एक उत्तर आपल्याच मलप्रभेच्या काठी शोधलं जातंय. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा खानापूर, बैलहोंगल करत सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात येते. त्या जलाशयाला आपण रेणुकासागर म्हणतो. तिथे पंप्ड स्टोरेजचा प्रकल्प हाती घेतलेला आहे. कल्पना आपल्या घरच्या टाकीसारखी: दुपारी स्वस्त सौरविजेवर पाणी खालून उंचावरच्या तळ्यात चढवायचं आणि संध्याकाळी तेच खाली सोडून त्यावर जनित्र फिरवायचं. असल्या प्रकल्पात शंभर युनिट खर्चून पाणी चढवलं तर पंचाहत्तर ते ऐंशी युनिट परत मिळतात. वीस-पंचवीस युनिट गळतात, तरीही ज्या वेळेला गरज आहे त्या वेळेला मिळतात. तेच पाणी वर-खाली फिरत राहतं, त्यामुळे सिंचनाचं पाणी मोठ्या प्रमाणात खपत नाही. बाष्प होऊन काही उडतं तेवढंच.

साठवणीचा याहून स्वस्त मार्ग मात्र मामांच्या विहिरीत आहे. जी वीज दुपारी उतू जाते, ती दुपारीच मोटरीला द्या. उसाला पाणी रात्री हवं असतं असं नाही, ते आपण रात्री देतो कारण करंट तेव्हा येतो. रात्रीची ही पाळी बसली ती कोळशाच्या केंद्रांच्या सोयीनं. कोळशाचं केंद्र रात्री सहज बंद करता येत नाही, म्हणून गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा शेतकऱ्याला करंट. सूर्याच्या विजेनं हा हिशेब उलटा केला. पाळीचं वेळापत्रक बदललं तर माणूस रात्री झोपेल, कोळसाही वाचेल.

यासाठी २०१९ पासूनची पीएम-कुसुम योजना आहे. तिचे तीन भाग आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक भाग पडीक जमिनीवरच्या लहान प्रकल्पांचा. दुसरा, जिथे तार पोचलेली नाही तिथे सुटा सौरपंप. कर्नाटकात त्यासाठी केंद्र ३० टक्के आणि राज्य ५० टक्के देतं, शेतकऱ्याला २० टक्के भरावे लागतात. तिसरा भाग सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प उभा करून अख्ख्या शेती फीडरला, म्हणजे सबस्टेशनवरून शेतांकडे जाणाऱ्या मुख्य तारेला, दिवसा वीज देण्याचा. कर्नाटकात निरंतर ज्योती योजनेत गावठाणाचा आणि शेतीचा फीडर बऱ्याच ठिकाणी आधीच वेगळा केलेला आहे. म्हणून हा तिसरा भाग आपल्याकडे पटकन जमण्यासारखा आहे. मामांना यात स्वतः काही बसवायचं नाही, मोटर तीच, टीसी (ट्रान्सफॉर्मर) तोच. फक्त तारेत येणारा करंट दुपारचा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी इथे सांगतो. पहिली, एक मेगावॅटला साधारण चार एकर जागा लागते आणि ती भाड्यानं देण्याचा करार पंचवीस वर्षांपर्यंतचा असू शकतो. कागद कन्नडमध्ये असतो. आपल्या कितीतरी वडीलधाऱ्यांना कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही. वाचून, समजून घेतल्याशिवाय सही नको. भाडं दर वर्षी किती वाढणार, शेवटी पॅनल कोण उचलणार, हे दोन मुद्दे कागदावर शोधून काढाच. दुसरी गोष्ट पाण्याची. ऊन फुकट आहे म्हणून बोअर दिवसभर चालली तर अथणी, रायबाग, सौंदत्तीकडची भूजल पातळी आणखी खाली जाईल. सौरपंपाबरोबर ठिबक आलंच पाहिजे. कोळसा वाचवून विहीर आटवली तर आपल्या हाताला काय लागलं?

घरांचं काय? जुलै २०२३ पासून गृहज्योती योजनेत महिना २०० युनिटांपर्यंतची घरगुती वीज फुकट आहे. योजना सुरू होताना तुमचा २०२२-२३ चा सरासरी वापर अधिक १० टक्के, एवढा तुमचा हक्क ठरला. दुसरीकडे फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत छपरावर पॅनल बसवायला अनुदान मिळतं: एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा त्याहून जास्त असेल तर ७८ हजार रुपये. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सुमारे चार युनिट मिळतात. पण ज्याचं बिल शून्य येतं तो छपरावर पैसे कशाला घालेल? दोन योजना एकमेकींना पाठमोऱ्या उभ्या आहेत. गरीब घराला मिळणाऱ्या मदतीच्या मी अजिबात विरोधात नाही. मोलमजुरी करणाऱ्या घरात शून्य बिलानं किती उसंत मिळाली ते मी बघितलंय. तरी मला वाटतं, सरकार दर वर्षी हेस्कॉमला जे पैसे भरतं त्यातला काही भाग एकदाच त्याच घरांच्या पत्र्यावर पॅनलच्या रूपात घातला तर पुढची पंचवीस वर्षं ती मदत सरकार बदललं तरी टिकेल. सध्या छपरावरचं सौर परवडतं ते २०० युनिटांच्या वर वापर असलेल्या घराला, कारण त्याला पूर्ण बिल येतं.

आणि एक गोष्ट विक्रेते बहुधा सांगत नाहीत. ग्रिडला जोडलेलं साधं छपरावरचं सौर करंट गेला की बंद पडतं, मग बाहेर कितीही ऊन असो. हा दोष नाही, मुद्दाम केलेली सोय आहे: खांबावर चढलेल्या लाईनमनला आपल्या छपरावरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात झाड पडून दोन-दोन दिवस करंट जातो. तिथल्या माणसानं बॅटरीची जोड असलेली यंत्रणाच विचारावी. तिला खर्च जास्त येतो, पण निदान अंधारात बसावं लागत नाही.

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक भागांतल्या फाउंड्र्यांना, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यांना, विजेचा प्रश्न सगळ्यात बोचतो, कारण इंडक्शन फर्नेसमध्ये लोखंड वितळवायचं तर वीजच लागते. २०२२ च्या हरित मुक्त प्रवेश नियमांनी १०० किलोवॅट मागणी असलेल्या गिऱ्हाईकालाही बाहेरून थेट हरित वीज घ्यायची मुभा दिली. आधी ही मर्यादा एक मेगावॅट होती, म्हणजे फक्त मोठ्यांचीच चैन. वर युरोपियन युनियननं लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम अशा मालावर सीमेवरच कार्बनचा आकार घेण्याची व्यवस्था आणली आहे. २०२३ च्या ऑक्टोबरपासून नुसती माहिती द्यायची होती, २०२६ पासून पैशांचा हिशेब सुरू. हा नियम प्रत्येक कास्टिंगला आज लागू नाही. तरी "तुमच्या मालामागे कार्बन किती?" हा प्रश्न बाहेरचा ग्राहक विचारणारच, आणि उत्तर बहुतांशी विजेच्या मीटरमध्ये असेल.

एक बोच मनात राहते ती जंगलाची. सुप्याच्या धरणानं जोयडा भागातली गावं बुडाली, तालुक्याचं जुनं ठाणं असलेलं सुपासुद्धा पाण्याखाली गेलं. ती वीजसुद्धा बिनधुराचीच होती. धारवाडजवळच्या नरेंद्रहून गोव्याला जाणाऱ्या ४०० केव्ही लाईनला घाटातल्या झाडांवरून विरोध झाला, तो या जाणिवेतूनच. भीमगडचं अभयारण्य आपल्या हवेतला कार्बन फुकट ओढून घेतंय, मलप्रभेला आणि म्हादईला पाणी देतंय. सौरविजेच्या तारेसाठी तेच तोडलं तर जमेच्या बाजूची पानं आपण हातानं फाडतो. पॅनलला माळ चालतो, कारखान्याचं छप्पर चालतं, कालव्याचा काठ चालतो.

वीजदर आणि पाळ्या यांवर नियामक आयोग जनसुनावणी घेतो, तिथे कुणीही ग्राहक लेखी हरकत देऊ शकतो. मामांच्या गावातल्या सोळा पंपसेटवाल्यांनी मिळून या वेळी एक पानाचा अर्ज लिहिला आहे. मजकूर मराठीत झाला, गावातल्या शाळेतल्या बाईंनी तो कन्नडमध्ये उतरवून दिला. मागणी एकच: आमच्या फीडरला थ्री फेज सकाळी नऊ ते चार. खाली अंगठेसुद्धा आहेत. मामींनी सही केली ती सगळ्यात वर.